चक्रम घराणं आणि सुकेळी
सुक्या पानात बांधलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या गोड केळ्यांचा, वास आला की नंदाखाल गावातला आमचा ओटा आठवतो. मी शाळेत असताना, उपवासकाळ लागला की घरात प्रत्येकाने आवडीची एक गोष्ट ईस्टरपर्यंत सोडायची. माझी गोष्ट आत्याने परस्पर ठरवली, "हिने ती चक्रम घराण्याची गुप्तहेर पुस्तकं सोडायची. गोष्टीत मुडदा पडलाय आणि ही खिदळतेय!" खिदळू नको तर काय करू? पुस्तकातल्या त्या खून झालेल्या घरात आजी पोपटाची जबानी घेत होती आणि काका संशयितांना कढी वाढत होता. "मी सुकेळी सोडते," मी म्हटलं, "पुस्तक सोडणार नाही." आणि खरंच एकाही सुकेळ्याला हात लावला नाही. ईस्टरला आत्याने हळूच विचारलं, "खुनी कोण निघाला गं?" म्हटलं, "वाच की!" आज पुन्हा उपवासकाळ आहे. सुकेळी तशीच पडून आहेत आणि पुस्तक हातात आहे.