डोंगरावरचं 'येते'

अगं, ये अशी जवळ. फोन ठेव बाजूला आणि नीट ऐक. तुझं लेस्टर ते माझं पिनर म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे? मावशी बरी आहे की नाही, हे मेसेजवर नुसता अंगठा दाखवून कळत नसतं. असो. रागवायला नाही बसले, जानेवारीतल्या त्या डोंगराचं सांगायला बसलेय.

संशय मला बुटांपासूनच आला. माझी सून इथेच इंग्लंडात जन्मलेली, डोंगर चढायचं भारी वेड. पण मला कधी 'येता का' म्हणून विचारलं नव्हतं. त्या शनिवारी भल्या सकाळी माझ्या मापाचे बूट घेऊन दारात हजर! "आई, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात जाऊया. फक्त आपण दोघी." मुलाचं तर दिवाळीपासून एकच पालुपद: आई, एकटी राहू नकोस, घर सोड, आमच्याकडे ये. मी मनात म्हटलं, ही परीक्षा आहे. म्हातारी किती धापा टाकते ते बघायचं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं.

वर निघालो तर वारा कानफटात मारल्यासारखा. बर्फ वरून पडतच नव्हता, आडवा येत होता. सून पुढे, मी मागे. दर दहा पावलांवर ती वळून बघे आणि फोनमध्ये काहीतरी टिपे.

"काय लिहितेस गं?"

"काही नाही, आई. तुमचा गुडघा ठीक आहे ना?"

बघ! गुडघ्याचं मी कुणाला चकार शब्दाने बोलले नव्हते. मग तिने माझ्या सॅकच्या पट्ट्यावरची शिट्टी दाखवली. "हरवलं तर हा सहा वेळा वाजवायचा, मग एक मिनिट थांबायचा." शिट्टीला पुरुष करून टाकलं! मी म्हटलं, "मी काय शाळेच्या सहलीला आलेय?"

पुढे एका दगडी कुंपणापाशी ढग इतका खाली उतरला की सून म्हणजे नुसतं लाल जॅकेट राहिली. माझं डोकंच फिरलं. हिच्या पास-नापासासाठी मी का गोठू? कुंपणाच्या कडेकडेने आलो होतो, तसंच खाली गाडीपर्यंत जाता येईल, असा हिशोब केला. ओरडून सांगितलं, "येते गं मी!" आणि वळले. वरून तिचा आवाज आला, "ओके, आई!"

आता निघताना 'जाते' कोण म्हणतं? अभद्र ते. पण सुनेला वाटलं, मी मागून येतेय. ती चढत राहिली, मी उतरत राहिले.

शंभरेक पावलांवर कुंपण ढासळलेलं निघालं, पुढचे दगड बर्फाखाली गडप. वाट कुठली, उतार कुठला, काही कळेना. उरलेल्या दगडांच्या आडोशाला बसले आणि शिट्टी फुंकली. सहा वेळा. थांबले. पुन्हा सहा. ओठ बधिर झाले तरी फुंकत राहिले.

किती वेळाने कोण जाणे, ती आली ती रडतच. "तुम्ही येते म्हणाला! येते म्हणजे कमिंग!"

"अगं, येते म्हणजे जाते!"

"मग जाते म्हणजे काय?"

दोघी त्या बर्फात वेड्यासारख्या हसलो.

गाडीत थर्मासचा चहा ओतताना मी विचारलंच. "खरं सांग, परीक्षा होती ना माझी?"

"हो. पण पास करायला. तुमच्या मुलाला दाखवायचं होतं, आई डोंगर चढते, मग घरात एकटी का नाही राहणार?" तिने फोन पुढे केला. माझेच फोटो, प्रत्येकाखाली वेळ आणि उंची लिहिलेली.

"आणि हरवले ते?"

"ते आपण नाही सांगायचं."

आता तूच सांग, किती विश्वास ठेवू? परवा मुलगा फोनवर नको तितका गोड बोलत होता, आणि रविवारी 'सहजच' येतोय म्हणे. सून शपथेवर सांगते, 'हरवल्याचं मी काही बोलले नाही.' नसेलही बोलली. म्हणून म्हणते, तू शुक्रवारीच ये. दोन दिवस राहा. माझा जिना, माझा स्वयंपाक, माझी औषधं, सगळं डोळ्यांनी बघ, आणि तो आला की तुझ्या तोंडाने त्याला सांग. माझं तो ऐकत नाही. येशील ना?