शिशाचा आकडा

उमरग्याच्या हायवेलगतच्या पोलाद कारखान्यात प्रयोगशाळेच्या साहेबांनी मला यंत्रावरून उठवलं, तो दिवस मी विसरले नाही. विसरायचा विचारही नव्हता. आमचं काम तसं सोपं. पोलादाचा चुरा आम्लात विरघळवायचा, ते पाणी प्लाझ्माच्या ज्वाळेत फवारायचं. प्रत्येक धातू आपापला उजेड देतो, आणि यंत्र त्या उजेडावरून शिसं किती, तांबं किती ते सांगतं. आमच्या मालात शिसं सारखं जास्त दिसायला लागलं. गिऱ्हाइकानं त्यांच्याकडं तपासलं, तर काहीच नाही.

"बाईंचा हात स्वच्छ न्हाय," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "भांडी धुवा आता." बाकीचे फिदीफिदी हसले. मुरुमला घरी जाताना मी एसटीत रडले, निव्वळ संतापानं.

चूक कुठं होती ते मला ठाऊक होतं. यंत्राला शिशाची ओळख पटवायचं द्रावण साहेब नुसत्या आम्लात करत. पोलादात तर सगळं लोखंडच. पाण्यातलं मीठ चाखून आमटीतलं ओळखायचं, तसला प्रकार. लोखंडाचा उजेड शिशाच्या उजेडावर सांडतो आणि यंत्र तोही शिशातच धरतं. त्या द्रावणात पोलादात असतं तेवढंच शुद्ध लोखंड घाला, असं मी दोनदा सांगितलं होतं. "मला शिकवू नका," एवढंच उत्तर. मग मीही मूग गिळून बसले आणि सात महिने बाटल्या धूत वाट पाहिली.

गिऱ्हाइकाचे तपासनीस आले, तेव्हा मी कपाटातली शुद्ध लोखंडाची सीलबंद बाटली टेबलावर ठेवली. "यात शिसं न्हाय असं हिच्या कागदावर लिहिलंय. साहेबांनीच करून दाखवावं. मी हात लावणार न्हाय."

तपासनिसांनी मान डोलावली. साहेबांनी सील फोडलं, वजन केलं, विरघळवलं. पडद्यावर शिसं आलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा आलं. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

"बाई, आता कसं करावं म्हणता?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगते. आधी रजिस्टरात लिहा, चूक माझी नव्हती, तुमची होती."

त्यांनी लिहिलं. मी म्हटलं, "वाचून दाखवा." वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. बाकीचे खाली माना घालून उभे होते.

"मागं ऐकू आलं न्हाय, साहेब," मी म्हटलं. "पुन्हा वाचा."