मबरूकाच्या फोटोंतली पुसलेली नावं

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मबरूकाने कॅमेरा घेतला आणि गाबेस गावच्या बागांची वाट धरली. मेंदी तोडणाऱ्या, डाळिंबं भरणाऱ्या, गालिचे विणणाऱ्या बायकांचे ती फोटो काढायची. घरी आली की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच त्या बाईचं नाव, बाग, साल लिहायची. एकदा लिहिलं की डोक्यातून काढून टाकायची. जपायला फाइल होतीच.

बहिणीचा मुलगा गस्सान फोन दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याने हौसेने सगळे फोटो आकाराने लहान केले आणि इंटरनेटवर मांडले. गावभर कौतुक झालं.

मग फ्रान्सहून नाइला नावाच्या बाईचा निरोप आला. मेंदीच्या ढिगाशी बसलेली ही तिची आजी तर नव्हे?

"फाइल उघड की. आत लिहिलंय मी," मबरूका म्हणाली.

गस्सानने उघडली. नावाची जागा कोरी होती. दुसरी उघडली, तीही कोरी. तो भराभर उघडत गेला आणि मग त्याचा हात थांबला.

"मोठे फोटो कुठेत?"

"पुसले, मावशी. लॅपटॉप भरला होता. मला वाटलं, लहान केले तरी आतलं तसंच राहतं."

मबरूका पडद्याकडे वाकली. समोरच्या चेहऱ्याशी ती कितीदा बोलली होती, त्या ढिगाशेजारी बसून भाकरी खाल्ली होती. नाव काही केल्या ओठांवर येईना. गस्सान काहीबाही बोलत राहिला. तिला ऐकूच येत नव्हतं.

सकाळी तिने फोटो छापून घेतले आणि दोघं दारोदार फिरू लागली. बरीच नावं सापडली. मेंदीवालीचा फोटो मात्र हेदी कुंभाराने हातातून सोडलाच नाही.

"ही माझी आई. गेली तेव्हा मी परदेशात होतो," म्हणत तो रडला. त्याने तो चौकटीत बसवून दुकानात लावला, तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी फातिहा पढवला. आता नाइलाला काय कळवायचं, हे मबरूकाला सुचेना.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत हेदीच्या दुकानात शिरली. मबरूका तिथेच बसली होती.

"माझ्या फोटोपुढे फातिहा कोण पढतंय रे?"

हेदीच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. म्हातारीने चौकटीवर बोट ठेवलं. "ही मी, शाज़लिया. आणि तू गं मबरूका, माझी भाकरी खाऊन मला विसरलीस?"

मबरूकाने म्हातारीचा हात धरला. तो कोमट होता. हेदी मान खाली घालून खापऱ्या वेचत होता.

"राहू दे रे पोरा," शाज़लिया त्याला म्हणाली. "तुझ्या आईच्या वाट्याचं पुण्य कुठे जात नाही."

मबरूकाने घरी येऊन फाइलमध्ये नाव घातलं. गस्सानने नाव घातलेला फोटो वेगळा ठेवला, आतली माहिती राखून त्याची लहान प्रत केली आणि तिच्यासमोर उघडून दाखवली. नाव होतं. तरी तिने दुसऱ्यांदा उघडायला लावली. बाकीचे कितीतरी चेहरे अजून बिननावाचेच होते.

नाइलाला तिने खरं ते कळवलं, की ही शाज़लिया आहे, तुझी आजी नव्हे. उत्तर आलं: आजीचा एकही फोटो नाही माझ्याकडे. हाच ठेवला तर चालेल?

मबरूकाने ते शाज़लियाला वाचून दाखवलं.

"ठेव म्हणावं," म्हातारी म्हणाली. "पण नाव माझंच राहू दे."