घराला कुलूप लावून कालव्यात

निघायच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, की आमच्या घराला कुलूपच नाही. कपाटाला आहे, दादाच्या दुकानाला आहे, शेळ्यांच्या गोठ्यालासुद्धा एक गंजकं आहे. पण नाचणगावच्या आमच्या घराचं मुख्य दार बंद करून सगळेच्या सगळे गावाला गेलेत, असं कधी झालंच नव्हतं. कुलपाची गरज काय? मी होते ना घरी.

मला लहानपणी पोलिओ झाला, त्यात उजवा पाय गेला. पायाला कॅलिपर (लोखंडी पट्ट्यांचा आधार) आणि काखेत कुबडी घेऊन मी चालते. बाजूला चाकं लावलेली स्कूटी चालवत रोज पुलगावच्या शाळेत जाते, तिथं ऑफिसात क्लार्क आहे. वय एक्केचाळीस, तरी घरात नाव बेबीच. आणि घरात कुठलीही सहल निघाली की एक वाक्य ठरलेलं, "बेबी राहीन घरी." अजिंठ्याला पायऱ्या होत्या, चिखलदऱ्याला चढ होता, नागपूरला गर्दी होती. सगळे जायचे, परत यायचे, फोटो दाखवायचे आणि माझ्यासाठी पर्स आणायचे. पर्सांनी कपाटाचा एक कप्पा भरला. त्या खांद्याला लावून मी जायचं कुठं, हे कोणी विचारलं नाही.

यंदा दिवाळीत दादानं पुन्हा सहलीचा विषय काढला. कुठल्याशा थंड हवेच्या डोंगराचं नाव घेतलं. आई भाजी निवडत होती, तिनं मानही वर केली नाही. "बेबी राहीन घरी," म्हणाली. माझं डोकंच फिरलं.

"बेबी नाई राह्यत," मी म्हटलं. "औंदा (यंदा) कुठं जायचं, थे मी ठरवीन."

माझं ठरलेलंच होतं. शाळेतल्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर मी केरळातल्या आलप्पुळाच्या हाउसबोटी बघत बसायचे. कालव्यांतून फिरणाऱ्या होड्या, आत झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, पुढं बसायला ऐसपैस ओसरी. होडी फिरते आणि माणसं बसतात. म्हटलं, बसण्यात आपला हात कोण धरणार?

दादा हसला. नहरीत (कालव्यात) कोणी सुट्टी घालवते का, म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. आमच्याकडच्या नहरीला शेतीच्या पाण्याची पाळी आली की पाणी येतं, एरवी तिच्यात गवत आणि शेळ्या. लहानपणी पाणी असताना तिकडं फिरकलो तर बाबा, होते तेव्हा, चामडी लोळवायचे. आईनं तर बुडणाऱ्या होड्यांच्या बातम्याच सांगायला घेतल्या. शेवटी निकाल लावला वहिनीनं. होडीवर स्वयंपाकी असतो का, एवढंच तिनं विचारलं. असतो म्हटल्यावर ती माझ्या बाजूला येऊन बसली. भाची आरोही आधीपासूनच माझ्याकडची. तिघींपुढं दादाचं काय चालणार!

मग सुरू झाली फोनाफोनी. पहिल्याला मी माझ्या पायाचं सांगितलं, तर तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅडम, दो लड़के उठा लेंगे." मी काय गॅसचं सिलिंडर आहे? फोन ठेवून दिला. दुसराही तेच म्हणाला, वर म्हणाला की त्यांना सवय आहे. असेल, मला नाही. वहिनी म्हणाली, जाऊ द्या बेबीताई, दोन मिनिटांचं तर काम. मी म्हटलं, उचलून नेलेलं सामान असतं, मी प्रवासी आहे.

तिसरा फोन एका बाईनं उचलला. एकच होडी तिची, हिंदी माझ्याहून मोडकी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेची (मोठ्या बहिणीला तिकडं म्हणतात), तख्ता कितना चौड़ा चाहिए?"

मला काय जमणार नाही, हे सांगणारे जन्मभर भेटले. होडीत चढायची फळी किती रुंद हवी, हे विचारणारी ही पहिलीच. मी अंगणात कुबडी आणि पाय ठेवून उभी राहिले, आरोहीनं टेप धरली आणि आम्ही मोजून कळवलं. दोन फळ्या जोडून ठोकते आणि धरायला दोर बांधते, असं ती म्हणाली. मी तिथंच होडी पक्की केली.

हिवाळ्यात निघालो. शेळ्या शेजारच्या काकूकडं दिल्या. कुलूप वहिनीनं ऐनवेळी पुलगावहून आणलं, चांगलं किलोभर वजनाचं. दाराला ते लागताना आई असं बघत होती, जसं काही घराला कोणी अटकच केली. किल्ली मी मागून घेतली आणि अजिंठ्याहून आलेल्या पर्समध्ये टाकली.

सेवाग्रामहून गाडी धरली. हिंगणघाट मागं पडेपर्यंत आईनं तिखट पुऱ्या आणि जवसाची चटणी काढलीसुद्धा. मग बाकाखाली पाहिलं तर दोन मोठ्या कॅन, भरलेल्या. ही बाई पाण्यावर राहायला निघाली होती आणि घरून पाणी घेऊन चालली होती! दादानं तिला किती समजावलं, पण आपल्या विहिरीचं पाणी ते आपलं, यावरून ती हलली नाही. एर्नाकुलमला उतरून पुढं मोटारीनं आलप्पुळाला गेलो, तेव्हा त्या कॅन दादानंच उचलल्या.

धक्क्यावर आमची होडी उभी होती. हिला तिकडं केट्टुवळ्ळम (लाकडी फळ्या काथ्यानं बांधून केलेली होडी) म्हणतात. पूर्वी यांतून भात वाहायचे. फोनवरची बाई स्वतः आली होती. फळी सांगितल्याबरहुकूम, कडेला दोर. मी कुबडी टेकवली तोच पाठीमागून कमरेला हात लागला. दादाचा. त्यानं मला लहानपणी पाठुंगळी शाळेत नेलंय, हात सवयीनंच आला असेल. पण शेजारच्या होडीवरचे लोक आमच्याकडं बघत होते आणि मी एवढं सगळं केलं होतं ते उचलून घ्यायला नाही.

"हात लावू नको दादा," मी म्हटलं. "पडली तं पडली."

त्यानं हात मागं घेतला. फळी लवत होती, खाली हिरवं पाणी हलत होतं, कॅलिपरचा खटका माझा मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. मधोमध कुबडी घसरली, तिच्या टोकाचं रबरी बूच निघालं आणि पाण्यात गेलं. मी दोर घट्ट धरला, श्वास घेतला आणि नुसत्या लाकडावर पलीकडं पोचले. मागं वळून पाहते तर आई धक्क्यावरच! चढावं तर भेव, राहावं तर एकटी. शेवटी ती फळीवर खाली बसली आणि सरकत सरकत आली. शेवटच्या टप्प्यात तिनं हात पुढं केला, तो मीच धरला.

होडी निघाली. दोन्ही काठांना नारळ, प्रत्येक घराच्या दारात पाण्यात उतरणारी पायरी, तिथं बाया भांडी घासत होत्या. शेतं पाण्याच्या पातळीखाली, बांधाच्या पलीकडं. वरून पाणी वाहतंय आणि खाली भात उभा आहे, हे दादा पुन्हा पुन्हा वाकून बघत होता. एक म्हातारी होडीतून दुकानापुढं आली. बसल्या बसल्या साबण घेतला आणि बसल्या बसल्या गेली. कोणी तिला विचारलं नाही, आजी तुला चालता येतं का? मला तिचा फार हेवा वाटला.

जेवणात करिमीन (तिकडचा चपटा मासा) तव्यावर भाजलेला. स्वयंपाक्यानं आईची जवसाची चटणी मागून खाल्ली, आणि जुन्या चपलेचा तुकडा कापून माझ्या कुबडीला ठोकून दिला. वहिनी पाय लांब करून नुसती काठ बघत बसली. दादाची मात्र दुपारपर्यंत चुळबुळ सुरू झाली. जरा उतरून चक्कर मारली असती, म्हणाला.

"बस," मी म्हटलं. "मी एक्केचाळीस वर्षं बसली, तू एक दिवस बस."

तो हसायला गेला, पण हसला नाही. मग खरंच बसून राहिला.

संध्याकाळी होडी काठाला बांधली. आई माझ्या शेजारी आली. पाण्याकडं बघत म्हणाली, "आमी जात होतो तवा तुले राग येत होता का?"

"येत होता. आताबी येते."

"मंग सांगतलं काऊन (का) नाई?"

"तू विचारलं काऊन नाई?"

घरच्या पाण्याची कॅन तिरपी करून तिनं एक गिलास भरला आणि माझ्यापुढं धरला. मी प्यायले. राग गेला असं म्हणणार नाही. तो माझा आहे, मी कमावलेला आहे. पण पाणी गोड होतं.

परतीला बाजारात वहिनीनं पर्सा बघायला घेतल्या आणि माझ्याकडं पाहून गुपचूप खाली ठेवल्या.

गावात ऑटो थांबला, तसे सगळे सामान घेऊन भराभरा दाराशी गेले. दाराला कुलूप. मी सावकाश उतरले, कॅलिपर सरळ केलं, कुबडी काखेत घेतली आणि माझ्या चालीनं निघाले. मुद्दाम उशीर केला नाही, घाईही केली नाही. आई, दादा, वहिनी, आरोही, चौघंही ओझी घेऊन ओट्यावर उभी होती, माझी वाट बघत. इतक्या सहलींत हे पहिल्यांदाच. मी पर्स उघडली, किल्ली काढली आणि दार उघडलं.

आईनं कुलूप हातात घेऊन पदरानं पुसलं. आता याचं काय काम, पेटीत ठेवून देते, म्हणाली.

"पेटीत नको," मी म्हटलं. "दाराजवळच्या खिळ्याले अडकव."

तिनं अडकवलं. मग मागं वळून विचारलं, "अन् किल्ली?"

"किल्ली माझ्यापाशी राहीन."