लाल पट्ट्याची, काळ्या टपाची आणि बायजाचा गुडघा

नवरात्र तोंडावर आलं होतं, तरी पाऊस निघतो-निघतो म्हणत उंबऱ्यात चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखा खाडीवर घुटमळत होता. रात्री त्यानं एक सर टाकली आणि उजाडता उजाडता उमेळ्याच्या वाडीत असं ऊन पडलं की ओल्या मातीतून वाफा निघायला लागल्या. कुंपणापलीकडच्या नव्या इमारतीत लोकांचे कुकर शिट्ट्या मारत होते. कुंपणाअलीकडे बायजा मांडवाखाली पडवळांना खडे बांधत होती.

पडवळाची जात मुळातच लाडावलेली. मोकळं सोडलं की ते शेपटी वळवून बसतं, आणि वाकड्या पडवळाला बाजारात गिऱ्हाईक बोट लावत नाही. म्हणून कोवळं असतानाच शेंड्याला सुतळीनं खडा बांधायचा. मग ते गुमान सरळ लोंबतं. बायजाच्या मांडवातली पडवळं शाळेच्या रांगेसारखी उभी असत. "पोरांना पन असंच बांदायला पायजे होतं," असं ती म्हणायची, आणि तिचा मुलगा भूपेश तेवढं ऐकून घरात पळायचा.

खाली पडलेला खडा उचलायला बायजा वाकली.

कट्ट.

"काय वाजलं?" पंपापाशी उभ्या असलेल्या नवऱ्यानं, नथूनं विचारलं.

"सुकलं पान. पाय पडला."

नथूनं खाली बघितलं. घोटाभर चिखल होता. त्यात सुकलं पान सापडलं असतं तर त्याची पूजा करावी लागली असती. पण नथू वर्षातून मोजकंच बोलणारा माणूस; त्यानं पंपाला फडकं गुंडाळलं आणि विषय संपवला.

ते पान म्हणजे बायजाचा डावा गुडघा होता. गेल्या उन्हाळ्यापासून वाजत होता, आणि ती तो आवाज वाडीतल्या साऱ्या झाडांच्या पानांच्या नावावर खपवत होती. कारण सोपं होतं. बायजा गाडी चालवायची.

वाडीत पहिली जुनी व्हॅन आली तेव्हा ती चालवायला नथूच बसला होता. पहिल्या दिवशी तो विहिरीच्या कठड्याला भिडला, दुसऱ्या दिवशी केळीच्या बनात शिरला, आणि तिसऱ्या दिवशी चावी बायजाच्या हातात देऊन म्हणाला, "मला बैल बरा." तेव्हापासून पदर कमरेला खोचून, पहाटे भाजी भरून बायजा नालासोपाऱ्याच्या बाजारात जायची. आणि जायची म्हणजे कशी! पुढे रिक्षा दिसली की तिच्या अंगात यायचं. हॉर्नवर हात, ओठांत पुटपुट, आणि "सरक रे भावा!" करून ती पुढे. एकदा तर लग्नाच्या वरातीलाच मागं टाकून आली होती. नवरदेवानं घोड्यावरून नमस्कार केला म्हणे.

ती व्हॅन श्रावणात वारली. वर्षानुवर्षं ओल्या भाजीचं पाणी ठिबकून तळ इतका गंजला होता की बसल्या जागी खालचा रस्ता दिसायचा. शेवटी एका गतिरोधकावर दुधीची अख्खी टोपली भोकातून खाली उतरली आणि गाडी पुढे गेली. त्या दिवशी बायजा रडली. दुधीसाठी नव्हे.

आता दसऱ्याला नवी गाडी यायची होती. साधं मॉडेल दिवाळीनंतर मिळणार होतं. दसऱ्याला हातात पडतील अशा शोरूममध्ये दोनच होत्या. गाडी एकच, 'झिपो' नावाची, मागून फुगीर आणि पुढून चिडलेली. पण तिच्या दोन 'स्पोर्ट' तऱ्हा. एक लाल पट्ट्याची, गिअरवाली. दुसरी काळ्या टपाची, आपोआप गिअर पडणारी, म्हणजे पायाशी क्लचच नाही.

"स्पोर्ट म्हंजे?" बायजानं विचारलं होतं.

"म्हणजे फास्ट, आई. ओव्हरटेकला मक्खन."

त्यानंतर साध्या मॉडेलचं नाव तिनं काढलं नाही.

भूपेशचा जीव लाल पट्ट्यावर होता. "आई, तू थोडीच ऑटोमॅटिक घेणारेस! तूच म्हणतेस ना, ती गाडी नाय, पाळणा हाय."

म्हणाली होती खरी. सांडोरची आल्बिना, बायजाची बाजारातली शेजारीण, केळीच्या फण्या विकणारी. तिनं दोन वर्षांपूर्वी तसली गाडी घेतली, तेव्हा बायजानं भर बाजारात ओरडून विचारलं होतं, "काय गं आल्बिने, पालन्यात बसून आलीस? मागून कोन झुलवत होतं, थॉमस?" थॉमस म्हणजे आल्बिनाचा नवरा. सारा बाजार हसला. आल्बिनानं फणी उगारली आणि म्हणाली, "हस बायजे, हस. तुजं पन म्हातारपन याच रस्त्यानं येनार हाय."

आता ते आलं होतं, आणि कट्ट करून वाजत होतं. क्लच दाबणं आता तिला जमणारं नव्हतं. पाळणाच हवा होता. पण पाळणा मागायचा तर गुडघा सांगायला लागणार, आणि गुडघा सांगितला की भूपेश म्हणणार, "आई, बस झालं आता. तू घरी बस, भाजीचं मी बघतो." मग पहाटेचा रस्ता गेला, बाजारातली बसायची जागा गेली, रिक्षावाल्यांशी भांडण गेलं. उरलं काय? दारात बसून शेंगा सोलणं.

आदल्या रात्रभर विचार करून त्याच सकाळी तिनं जाहीर केलं, "गाडी पडवल ठरवील."

"काय?"

"गाडी भाजीसाटी घेतोय ना? मग दोनी गाड्यांत पडवलं भरायची आनि फिरवायची. ज्या गाडीत मोडतील ती बाद."

तिचा हिशेब पक्का होता. लाल पट्ट्याची चालवायला भूपेशला द्यायची. तो मोटरसायकलचा गिअरसुद्धा साप मारल्यासारखा टाकायचा. पडवळांची भाजी होऊनच बाहेर येणार. आणि पाळण्यात पडवळ मोडायचं कारणच नाही.

शोरूम वसईच्या हायवेला. तिथल्या कौस्तुभ नावाच्या टाय लावलेल्या पोरानं नमस्कार केला, आणि नथूच्या खांद्यावरची पडवळांची मोळी बघून त्याचा नमस्कार अर्ध्यावर राहिला.

"काकू, हे..."

"हे गिऱ्हाईक. तू बोल."

"झिपो स्पोर्ट, काकू. झिरो टू हंड्रेड..."

"शंबर? उमेल्यात? अरे, शंबर पकडेपर्यंत मी पालघरला पोचेन. मागची सीट आडवी होते का ते सांग."

सीट आडवी झाली. पडवळं झोपवली. त्यांच्या उशाला नथू बसला, पुढे कौस्तुभ, आणि भूपेशनं लाल पट्ट्याची सुरू केली. बायजा फाटकाशी उभी राहून मोडण्याची वाट बघू लागली.

पण माणसाचं मन कुणाला कळलंय? ज्या भूपेशनं आईला मागं बसवून कधी खड्डा चुकवला नाही, तो त्या दिवशी देवीची पालखी नेल्यासारखा गेला. गिअर टाकताना अंगठा आणि तर्जनी, बस्स. गतिरोधकाला गाडीनं वाकून नमस्कार केला. परत आला तेव्हा एकही पडवळ मोडलं नव्हतं, आणि नथूला डुलकी लागली होती.

"बघ," भूपेश म्हणाला.

"बगितलं," बायजा म्हणाली. "आता सरक."

पडवळं, नथू आणि कौस्तुभ काळ्या टपाच्या गाडीत हलले, आणि चालवायला ती बसली. सीट स्पोर्ट असल्यानं खोलगट होती. ती तिच्यात अळूवडीच्या सारणासारखी बसली. गाडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. बायजाच्या मनात आलं, आल्बिना मेली सुखात होती की! हायवेच्या बाजूच्या रस्त्याला लागली, आणि पुढे एक रिक्षा दिसली.

बस्स. अंगात आलं. तिनं वेग दिला, उजवा हात हॉर्नवर, आणि आता गिअर बदलायचा म्हणून डावा पाय उचलून क्लचवर दाणकन मारला.

क्लच नव्हताच. तिथं ब्रेक होता.

गाडी अशी थांबली की देव उठावेत. सगळी पडवळं मागून उठली आणि पुढे आली. एक कौस्तुभच्या गळ्याभोवती, हारासारखं. एक काचेवर आपटून दोन ठिकाणी मोडलं. बाकीच्यांची गिऱ्हाईकानं घासाघीस करून टाकून द्यावीत तशी गत. नथू दोन सीटच्या मधून डोकं काढून म्हणाला, "पोचलो?"

रिक्षावाला मागं वळून हसला आणि निघून गेला. ते बायजाला पडवळांहून जास्त लागलं.

शोरूमवर परत आल्यावर भूपेशनं गाडीत नुसतं डोकावून बघितलं आणि टाळी वाजवली. "तुझाच नियम, आई! काळी बाद. लाल पट्टा फायनल!"

बायजा स्वतःच खणलेल्या आळ्यात स्वतःच पडली होती. "एकदा बसून बगते," म्हणत ती लाल पट्ट्याच्या गाडीत बसली. सगळे भोवती उभे. फरशी आरशासारखी, एसीची घरघर सोडली तर गपगार. तिनं दात आवळून क्लच दाबला.

कट्ट.

"हे काय वाजलं?" भूपेश म्हणाला.

"सुकलं पान," नथू म्हणाला.

सगळ्यांनी त्या चकचकीत फरशीवर पान शोधलं. कौस्तुभचा चेहरा उतरला. "क्लचचा आवाज आहे का? नवी गाडी आहे हो! परत दाबा, काकू."

कट्ट.

"नवीन गाडी आणि वाजते?" भूपेशचा आवाज चढला. "ही काय क्वालिटी?"

आणि बायजाच्या डोक्यात उजेड पडला. अरे! पडवळांनी दगा दिला, पण देवानं दुसरी फट उघडली. गाडीच वाजते म्हणायचं. लाल पट्टा बाद, काळी घरी, गुडघा गुपित.

"व्हय," ती गंभीर होऊन म्हणाली. "कदीचा वाजतोय. खोट हाय गाडीत."

कौस्तुभ टायसकट गाडीखाली शिरला. मग त्यानं वर्कशॉपमधून मेकॅनिक प्रल्हादला बोलावलं. प्रल्हादनं बायजाला उठायला सांगितलं. तिला उठता येईना, तेव्हा "मी बाजूनं बगते" म्हणत ती नथूचा हात धरून कशीबशी निघाली. प्रल्हादनं क्लच दाबला. आवाज नाही. कौस्तुभनं दाबला. नाही. भूपेशनं दहादा दाबला. नाही. बायजाला परत बसवलं.

कट्ट.

"विचित्र आहे," प्रल्हाद म्हणाला. "बाईमाणसालाच वाजते."

तेवढ्यात आत केबिनमधून कौस्तुभचा साहेब ओरडला, "काय चाललंय तिकडे? कोणी बिघडवली गाडी?" आणि कौस्तुभ गळ्यात पडवळाची साल घेऊन असा उभा राहिला की बायजाला तिच्या मांडवातलं, शेंड्याला नुकताच खडा बांधलेलं कोवळं पडवळ आठवलं.

"कोनी नाय बिगडवली!" ती आतल्या केबिनला ऐकू जाईल अशी ओरडली. "गाडी चांगली हाय. गुडगा वाजतोय माजा. उगा त्या पोराला बोलू नका."

प्रल्हादनं हात पुसले.

"कधीपासून?" भूपेशनं विचारलं.

"उन्हाल्यापासून."

"आई! आणि गाडी चालवतेस? बस झालं. आता तू घरी बसायचं. भाजीचं मी बघतो."

तेच वाक्य. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बायजानं स्टिअरिंग घट्ट धरलं, जणू ते आत्ताच कोणी काढून नेणार होतं.

तेव्हा नथूनं घसा खाकरला. या वर्षीचं त्याचं बोलणं बरंचसं शिल्लक होतं.

"बग की," तो लेकाला म्हणाला. "पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं. पडवल काढायचं, दव अंगावर घ्यायचं. नालासोपाऱ्याला जाऊन आल्बिनाच्या शिव्या खायच्या. परत येऊन आंगोल, मग कंपनीत. रविवारी पन."

भूपेशचं तोंड उघडं राहिलं. रविवारी तो जेवणाच्या वेळेला उठायचा.

"रविवारी पण?"

"पडवलाला रविवार कलत नाय."

भूपेशनं लाल पट्ट्याकडे बघितलं. मग काळ्या टपाकडे. मग कौस्तुभला म्हणाला, "ही काळी... ब्रेक मस्त आहे हिचा, नाही का?"

"एकदम," कौस्तुभ मानेवरची साल काढत म्हणाला. "मी स्वतः अनुभवला. फक्त काकू, डावा पाय मागं ठेवायचा. तो उचलायचाच नाही."

"वीस वर्सं उचललाय," बायजा म्हणाली. "तो काय माजं ऐकनार?"

नथूनं खिशात हात घातला. त्याच्या खिशात सुतळी आणि खडे कायम असत. तो खाली बसला आणि त्यानं बायकोच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला, जसा पडवळाला बांधतात तसा, एक चांगलासा खडा बांधला. "आता ऱ्हाईल गपगुमान."

परत चक्कर झाली. पडवळं उरली नव्हती, म्हणून मागं नथूलाच आडवा झोपवला. पाय उचलावासा वाटला की खडा ओढायचा आणि बायजाला आठवण व्हायची. एक रिक्षा मागं पडली. मग दुसरी. नथू न मोडता परत आला आणि काळी ठरली.

घरी परतताना आल्बिनाचा फोन आला. बातमी सांडोरला कशी पोचली देव जाणे. "काय गं बायजे, पालन्यात कदी बसतेस?"

"दसऱ्याला," बायजा म्हणाली. "आनि रस्त्यात बाजूला सरक, सांगून ठेवते. स्पोर्ट पालना हाय माजा."

ऊन कलल्यावर ती परत मांडवाखाली गेली. सकाळी अर्धी ओळ राहिली होती. बांधत बांधत शेवटच्या पडवळाशी आली तर टोपलीतले खडे संपलेले. तिनं खाली बघितलं. अंगठ्याला तो अजून लटकत होता. शोरूमच्या आरशासारख्या फरशीवरून, रिक्षातून, घरच्या ओटीवरून ती तो ओढतच आली होती. ती वाकली.

कट्ट.

"पान का?" पंपापासून नथू म्हणाला.

"गुडगा!" बायजा ओरडली. तिनं सुतळी सोडवली, खडा पदराला पुसला आणि पडवळाच्या शेंड्याला बांधायला घेतला.