उत्क्रांतीविरुद्ध आमचे साडभाऊ

माकडापासून माणूस झाला, या म्हणण्यावर नाकं पुष्कळांनी मुरडली असतील. पण त्यावर रीतसर हरकत घेणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. साडभाऊंनी लॉ कॉलेजात तीस वर्षं पुराव्याचा कायदा शिकवला, निवृत्त होऊन कारध्याला घर बांधलं आणि मग रिकाम्या वेळात सृष्टी कोणी केली याचा खटला चालवायला घेतला. तिकडे अमेरिकेत अशी चळवळ एका कायद्याच्या प्राध्यापकानंच उभी केली, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. झालं! "सजीवांची रचना कोणीतरी डोकं लावून केली हाय, आपोआप झाली नाही," हे सिद्ध करायला त्यांनी पाच निवृत्तांचं मंडळ काढलं. त्यातले दोघं चहापुरते होते. उत्क्रांती मांडणाऱ्या त्या दाढीवाल्या इंग्रजाचं नाव ते कधी घेत नसत. 'आरोपी' म्हणत.

मी जीवशास्त्राचा मास्तर, म्हणजे आरोपीचा नातेवाईक. पण त्यांच्या उलटतपासणीतून कोणीच सुटत नसे. नदीकाठी मासोळ्या विकणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "ह्या मासोळीचे श्वास घ्याचे गलफडे आपोआप झाले काय?" ती म्हणाली, "भाऊ, घ्याचं असंल तं घ्या, नाही तं बाजूले सरका." नाकाडोंगरीच्या व्याख्यानात त्यांनी हुकमी प्रश्न टाकला, "जंगलात सायकल सापडली, तर ती झाडाले लागली म्हणाल काय?" पुढच्या रांगेतला म्हातारा शांतपणे म्हणाला, "नाही जी, पोलीस पाटलाकडं जमा करू." कंबर धरली तेव्हा डॉक्टर त्यांना सांगू लागले, की चार पायांचा प्राणी दोन पायांवर उभा राहिला, त्याचा हा त्रास. साडभाऊ पालथे पडल्या पडल्या कण्हले, "ही ऐकीव माहिती झाली, डॉक्टरसाहेब. तुमी तवा हजर होते काय?"

हे सगळं गमतीचं होतं, पण एक दिवस त्यांचं पत्रक आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या संचालकांपैकी एकाच्या हाती लागलं. उत्क्रांतीचा धडा तात्काळ बंद करावा आणि आजवर का शिकवला याचा लेखी खुलासा द्यावा, असं पत्र मला आलं. मी पाय आपटत कारध्याला गेलो. "घ्या भाऊजी! तुमच्या चळवळीपायी माझी नोकरी चालली."

मला वाटलं, पेढे मागवतील. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"धडाच बंद? आरोपीले बोलू न देता निकाल देऊन राहिले हे! अन् मग मी उलटतपासणी कोणाची घेऊ?"

दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा, त्यावर काळा कोट, अशा थाटात ते माझ्या स्कूटरवर मागे बसून सानगडीला आमच्या कॉलेजकडे निघाले. संचालकांसमोर उभे राहून म्हणाले, "हा सिद्धांत मले साफ चूक वाटते. पण ह्या मास्तरानं तो पुरता शिकवला पाहिजे. पोरायले तो माहीतच नसंल, तं खोडतीन काय, कपाळ?"

"पण सर, हे पत्रक तुमचंच हाय ना?" संचालक गोंधळले.

"माझंच हाय. म्हणून तं सांगतो, ते वर्गात नेऊ नका. ते व्याख्यानासाठी हाय. पोरायची परीक्षा पुस्तकावर हाय."

अर्धा तास ते बोलले. शेवटी पत्र मागे घेतलं गेलं. मला वाटतं, पटलं म्हणून नव्हे, जेवणाची वेळ टळत होती म्हणून.

परत येताना वैनगंगेच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. कंबर दुखत होती. कठड्याला टेकून उभे राहिले. मी चेष्टेनं म्हणालो, "भाऊजी, आज तुमी आमचेच वकील झाले."

ते हसले नाहीत. माझी मेहुणी, त्यांची बायको, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात त्यांनी तिचा विषय एकदाही काढला नव्हता.

"मास्तर," पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकाच्या हिशोबानं तुमची ताई आपोआप झाली अन् आपोआप गेली. मले ते पटत नाही. कोणी मन लावून घडवली असंल, तर तो तिले असा फेकून थोडीच देईन? कुठंतरी ठेवलीच असंल ना?"

वीस वर्षं हा विषय शिकवतो मी. सगळी उत्तरं तोंडपाठ होती.

"असंल, भाऊजी," मी म्हणालो.

मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश मागच्या सीटवर बसले, आणि घर येईपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.