गाडीचं सासरचं नाव

आमच्या गाडीचं लग्न झालं तेव्हा मी सातवीत होते. लग्न हे बाबांच्या मते. वर्तमानपत्राच्या मते ती गाडी बनवणारी छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. बाबांनी ती बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि आईला म्हणाले, "अगं, पोरगी उजवली."

आमचं घराणं मुळात भिक्षुकांचं. आजोबांनंतर पूजा सांगणं सुटलं, बाबा सरकारी कचेरीत कारकून झाले, पण विधींची आवड काही त्यांच्या अंगातून गेली नाही. लग्नात मुलीचं नवीन नाव ठेवतात, मग गाडीचं का नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटात तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीनं त्यावर मोठ्या कंपनीचं नाव लिहिलं, बॉनेटवर अक्षता टाकल्या आणि गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या काकू पेढा खात विचारायला आल्या, मुलगी कोणती म्हणून, आणि दारात मला पाहून दचकल्या. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी मागच्या दारानं शाळेत जात होते.

नुसत्या नावावर बाबांचं भागलं नाही. मोठी कंपनी मुख्यतः ट्रक बनवायची. मुकुंदवाडीच्या आमच्या मेकॅनिककडून त्यांनी एका ट्रकचा बिल्ला मिळवला आणि आमच्या चिमुकल्या गाडीच्या पुढच्या जाळीवर, जुन्या कंपनीचं नाव पूर्ण झाकलं जाईल असा, बसवून घेतला. नाक वाटीएवढं आणि नथ ताटाएवढी, असं ते दिसायचं. मेकॅनिकनं तेव्हाच सांगितलं, "साहेब, हवा कोंडतीय. इंजन लई तापंल बघा."

तापायचंच. खुलताबादचा घाट चढताना दर दोन वळणांनी गाडी वाफ सोडत थांबायची. आई बाटल्यांतलं पाणी ओतायची आणि बाबा झाडाखाली उभे राहून म्हणायचे, "नवीन घर आहे. रुळेल हळूहळू." चाळीस वर्षं ती रुळली नाही.

त्यांनी मोठ्या कंपनीला पत्रही लिहिलं होतं. आमची लेक आता आपल्या घरची झाली, काही कमी-जास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. उत्तर आलं की सदर गाडीचे सुटे भाग मिळणार नाहीत. "सासरची माणसं जरा फटकळ दिसतात," असं म्हणून बाबांनी ते फाइलला लावलं. एकदा कागदावर नाव बदललं की बदललं, हा त्यांचा खाक्या. आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हाही त्यांनी आठवड्याच्या आत दारावरची पाटी नवीन करून घेतली होती.

यंदा बाबा ऐंशी वर्षांचे झाले. लायसन्सची मुदत संपत आली होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या सर्टिफिकेटवर सही करायला साफ नकार दिला होता. त्याच महिन्यात शहरातून दौलताबादपर्यंत जुन्या गाड्यांची रॅली निघणार होती. शेवटचं चालवायचं ते त्या रॅलीत, एवढंच बाबांना हवं होतं. ते रोज सकाळी उठून कॅलेंडर बघायचे.

रॅलीच्या दिवशी मैदानावर आम्ही सगळ्यांत आधी पोचलो. सोबत आमचा तोच जुना मेकॅनिकही होता. तपासणीला आलेल्या तरुणानं गाडीला एक फेरी मारली आणि बिल्ल्यापाशी थांबला.

"काका, गाडी कारखान्यातून निघाली तशीच लागते. हा ट्रकचा बिल्ला काढावा लागेल."

"नाही काढता येणार," बाबा म्हणाले. "तिचं लग्न झालंय."

तरुणानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"काका, नियम आहे."

"नांदत्या बाईच्या गळ्यातलं उतरवायला लावणारा हा कसला नियम?"

मेकॅनिक मध्ये पडला. "साहेब, चार तर स्क्रू हायेत. काढतो अन् सांच्याला परत लावतो. तिला बी जरा वारं लागंल."

"हात लावायचा नाही!" म्हणत बाबांनी किल्ली फिरवली. ते परत निघाले होते. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. एवढी एकच हौस उरलेली, आणि हा माणूस तीही आपल्या शास्त्रापायी घालवत होता.

आई पुढच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसली होती. ती खाली उतरली, मेकॅनिकच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तिनं काढून घेतला आणि गाडीपुढे उकिडवी बसली.

"अगं, काय करतेस!"

"चार घटका माहेरी गेली तर संसार मोडत नाही कुणाचा," आई म्हणाली.

माहेरपणाला कुठल्याच शास्त्रात मनाई नव्हती, त्यामुळे बाबांनी किल्ली उलटी फिरवून इंजिन बंद केलं. तिसरा स्क्रू गंजला होता. आईनं दातओठ खाऊन तोही फिरवला. बिल्ला निघाला. त्याखालची जुन्या कंपनीची अक्षरं ऊन-पाऊस न लागल्यानं नव्यासारखी चमकत होती. तरुण खूश झाला आणि त्यानं फॉर्म पुढे केला. बाबांनी चालक म्हणून सही केली. सहप्रवाशाच्या रकान्यात आईनं स्वतःच काहीतरी लिहिलं आणि फॉर्म परत दिला.

गाड्या ओळीनं सुटू लागल्या. लाऊडस्पीकरवर आमच्या गाडीचं जुनं नाव पुकारलं, मग बाबांचं, आणि मग सहप्रवासी म्हणून भलत्याच एका बाईचं. ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. कुणाचा तरी फॉर्म मिसळला असणार म्हणून मी तावातावानं मंचाकडे गेले. तिथल्या माणसानं शांतपणे फॉर्म दाखवला. अक्षर आईचं होतं.

माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नाही, ही गोष्ट मी चारचौघांत कितीदा ऐकवली असेल. मामा-मावश्या आईला अक्का म्हणायचे, बाबा नुसतं अगं म्हणायचे. तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मी परत आले तेव्हा मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि बाबा मान वळवून वळवून गर्दीत बघत होते, ही कोण बाई आपल्या गाडीत बसायला येतेय म्हणून.

"अहो, मीच ती," आई म्हणाली. "पुढं बघा आणि गाडी काढा."